निलाच्या नावानं येणारा पाव

ग्रामसेविका म्हणून मी एकतीस वर्षं नोकरी केली. बिनधुराच्या चुली बसवल्या, बालवाड्या काढल्या, पोरांची वजनं केली, लोकांच्या मागं लागून शोषखड्डे खणून घेतले. त्यातलं कुणाला काही आठवत नाही. परवा बार्शीच्या स्टँडवर एका म्हातारीनं मला ओळखलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "अवो, पाववाल्या बाई न्हवं का तुमी?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहा म्हणून सांगितलं तेव्हा मी आधी शोषखड्ड्यांवर चार पानं लिहिली होती. ती फाडली. लोकांना पावाचीच बाई आठवत असेल तर पावाचंच लिहावं, आणि त्यात माझं जे चुकलं तेही लिहावं.

गोष्ट भूम तालुक्यातल्या ईट गावची. निजामाचं राज्य जाऊन आठ-दहा वर्षं झाली होती, आम्ही मराठवाड्याचे लोक नुकतेच मुंबई राज्यात आलो होतो आणि सरकारनं गावोगाव विकासाची कामं काढली होती. माझं माहेर तुळजापूरचं, वडील शाळामास्तर. मी तेवीस वर्षांची, बिनलग्नाची आणि सरकारी पगाराची, म्हणजे गावाच्या दृष्टीनं तिन्ही बाजूंनी चमत्कारिक. बायकांचं मंडळ काढायचं आणि त्यांना घर, मूल आणि स्वयंपाक यांतलं नवं काहीतरी शिकवायचं हे माझं काम. ज्या बायका पन्नास माणसांचा स्वयंपाक डोळे झाकून करत त्यांना मी स्वयंपाक शिकवणार होते. त्या वयात यात काही विचित्र आहे असं मला वाटलं नाही.

प्रशिक्षण केंद्रात आम्हाला गृहविज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी एक पदार्थ मोठ्या हौसेनं शिकवला होता, पावाचं पुडिंग. शिळ्या पावाचे तुकडे दूध, साखर आणि अंड्यात भिजवायचे, मनुका घालायच्या, भरपूर दालचिनीची पूड घालायची आणि रॉकेलच्या डब्याच्या भट्टीत भाजायचं. शिळा पाव वाया जाऊ नये म्हणून हा पदार्थ निघाला, असं बाई सांगायच्या. ईटला पाव शिळा होण्याआधी तो ताजा तरी यायला हवा, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

आता आजच्या वाचकांना एक गोष्ट समजावून सांगायला हवी. त्या काळी आमच्या भागात पाव हे खाणं नव्हतं. पाव हे औषध होतं. मुदतीचा ताप आला की डॉक्टर भाकरी बंद करायचे आणि दूध-पाव सांगायचे. पाव पायानं तुडवतात, त्यात ताडी घालतात, असं चांगली चांगली माणसं सांगत. तरी आजाऱ्याला तो चालायचा, कारण औषधाचं सोवळं-ओवळं कुणी बघत नसे. धडधाकट माणसानं पाव खाणं म्हणजे धडधाकट माणसानं काढा पिण्यासारखं.

गावात बेकरी नव्हती. पाव बार्शीहून सर्व्हिस मोटारीनं यायचा. ड्रायव्हर तो स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात ठेवायचा आणि हॉटेलवाला ज्याचा त्याला द्यायचा. कुणाच्या घरी पाव आला हे मोटारीचा धुरळा खाली बसायच्या आत गावाला कळायचं, आणि संध्याकाळी त्या घरी विचारपूस करायला माणसं जायची.

मी पहिल्यांदा पाव मागवला त्या संध्याकाळी माझ्या खोलीवर सात बायका आल्या. मंडळाला प्रतिसाद मिळाला म्हणून मी हरखून गेले, सतरंजी अंथरली. एकीनं पुढं होऊन माझ्या कपाळाला हात लावला.

"उतरल्याला दिसतुया ताप," ती बाकीच्यांना म्हणाली.

दुसरीनं पदरातून सुंठ काढून दिली. तिसरी रागावली. "एकली बाई, परगावची. कळवायचं तरी व्हतं. आमी काय मेलो व्हतो व्हय?"

मी ठणठणीत आहे आणि उद्या या पावाचा गोड पदार्थ करून दाखवणार आहे, असं सांगितल्यावर त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. ताप डोक्यात गेला असावा, असं त्यांना वाटलं असणार.

प्रात्यक्षिकाला तरीही वीसेक बायका आल्या. मी पिशवीतून अंडी काढली तेव्हा लिंगायतांच्या बायका उठून गेल्या. मग दालचिनी कुटायला घेतली. एक म्हातारी म्हणाली, "बाई, ती येसराच्या मसाल्याची हाय. गोडात येलदोडा घालत्यात." ती मला चूक सुधारायची संधी देत होती. मी सुधारली नाही. डब्याची भट्टी एका अंगानं तापली, पुडिंग वरून करपलं आणि आत कच्चं राहिलं. कुणी तोंड लावलं नाही. अन्न टाकायचं कसं, म्हणून मीच ते तीन दिवस खाल्लं, आणि बाई आजारीच आहे यावर गावाचं शिक्कामोर्तब झालं.

चौथ्या दिवशी निला आली. बसलिंगअप्पांची थोरली मुलगी. अप्पांचं किराणा दुकान होतं. निला अठरा वर्षांची, सातवी पास, अंगानं शिडशिडीत आणि डोळ्यांत सदा काहीतरी विचारायचं राहिल्यासारखं. पदराच्या गाठीला तिनं दुकानातली दालचिनी बांधून आणली होती.

"बाई, ते अंड्याबिगर हुईल का?"

नाही, मी म्हटलं. केंद्रातल्या वहीत तसं नाही. अंड्याशिवाय ते थिजणार नाही.

ती म्हणाली, "खरवस थिजतोच की बाई. त्यात कुठं अंडं असतंय?"

मी दहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि माझ्याकडे प्रमाणपत्र होतं. गाय-म्हैस व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांचं ते पिवळसर घट्ट दूध, चीक, नुसता उकडला तरी वडीसारखा थिजतो, हे मी लहानपणापासून पाहिलेलं आणि खाल्लेलं. पण ते वहीत नव्हतं. माझ्या साऱ्या नोकरीत कुणी मला एका वाक्यात इतकं शिकवलं नाही.

मग आम्ही दोघी त्या पुडिंगच्या मागं लागलो. भट्टी टाकून दिली. मोठ्या पातेल्यात चार बोटं वाळू, त्यावर लहान पातेलं, खाली निखारे आणि वर तव्यावर निखारे, ही निलाची रीत. चीक जपून वापरायचा, कारण तो रोज मिळत नाही. ज्याच्या घरी जनावर व्यायलं त्याच्याकडून तांब्याभर यायचा. नसेल तेव्हा दूध आटवून त्यात तांदळाची पिठी. चिकाला साधं दूध किती मिसळावं, पाव किती वेळ भिजवावा, साखरेऐवजी गूळ घातला तर फाटतं का, हे सगळं करून बघून ठरवलं. गूळ घातला तर फाटायचं. दालचिनी निलानंच कमी केली. जाळावर कोरडी परतून मग कुटली की कडवटपणा जातो, हेही तिनंच शोधलं. दीड महिन्यानं जे जमलं ते केंद्रातल्या बाईंनाही जमलं नसतं. वरून तांबूस, आत मऊ, आणि झाकण काढलं की सगळ्या बोळाला वास.

पौषात विकास गटाचं प्रदर्शन भरणार होतं. त्यात पाककृतींची स्पर्धा होती. मला निलाचा नंबर काढायचा होता. खरं सांगायचं तर माझा काढायचा होता, निलाच्या हातून.

आता माझी चूक. आम्ही मागं लागल्यापासून आठवड्यातून दोनदा पाव येत होता. माझ्या नावानं आला की संध्याकाळी कुणीतरी सुंठ घेऊन यायचंच. पहिल्या दोन खेपांतच मी त्या विचारपुशीला कंटाळले. म्हणून हॉटेलवाल्याला सांगितलं, पाव अप्पांच्या निलाच्या नावानं ठेवत जा. निला रोज विहिरीवर दोन घागरी डोक्यावर घेऊन जाताना गावाला दिसत होती, तिला कोण आजारी म्हणणार? गावानं म्हटलंही नाही. पण मोटारीत गावाबाहेरचीही माणसं असतात.

त्याच दिवसांत निलाला ढोकीचं स्थळ आलं होतं. चांगलं घर, मुलगा अडत दुकानात हिशेबाला. बघण्याचा कार्यक्रम झाला, पसंती आली. साखरपुड्याची बोलणी चालू होती. निलानं मला सांगितलं होतं, वाळूवरचं झाकण नीट करत, माझ्याकडे न बघता. "बाई, त्यांनी मला इचारलं, सातवीनंतर शिकावं वाटलं का म्हणून. आजपतुर मला हे कुणी इचारलंच न्हवतं." एवढंच बोलली. पण त्या दिवशी तिनं चिकात दोनदा साखर घातली.

आणि एक दिवस ढोकीहून निरोप आला, यंदा कर्तव्य नाही.

पसंती दिलेल्या घरानं असा निरोप का पाठवावा? अप्पांनी माणूस धाडून चौकशी केली. ढोकीचे एक पाहुणे बार्शीहून मोटारीनं जाताना ईटच्या हॉटेलात चहाला थांबले होते. फळीवरचा पाव बघून कुणाचा म्हणून त्यांनी सहज विचारलं. अप्पांच्या निलाचा, हॉटेलवाला म्हणाला. कधीपासून? झाला की दीड महिना. हॉटेलवाला एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. मुदतीचा ताप तीन आठवड्यांत उतरतो. दीड महिना पाव खाणाऱ्या, अंगानं बारीक असलेल्या पोरीला काय झालं असेल हे ढोकीच्या लोकांनी ताडलं. क्षय. आणि बापानं तो लपवला.

त्या काळी हा शब्द एकदा मुलीला चिकटला की तिच्याच नव्हे, पाठच्या बहिणींच्याही लग्नाची वाट बंद व्हायची. निलाला पाठच्या दोघी होत्या.

मी घाबरले आणि घाबरलेला सरकारी माणूस जे करतो तेच केलं. निलाला भूमच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांकडून छाती तपासून घेतली, 'कोणताही दोष आढळला नाही' असा दाखला घेतला, त्यावर गोल शिक्का मारून घेतला आणि तो ढोकीला रजिस्टरनं पाठवला. परत आल्यावर मी तो पराक्रम निलाच्या आईला, गौराक्कांना सांगितला. त्या तूर पाखडत होत्या. हातातलं सूप त्यांनी खाली ठेवलं.

"बाई, धडधाकट पोरीचा दाखला कोन काढतंय वो?"

मी रजिस्टरची पावती पिशवीत सरकवली.

"तुमची स्पर्धा व्हती. नाव माझ्या लेकीचं कशाला घातलं?" त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "आता पाव बास. तुमी बी बास. पुन्ना हितं येऊ नगा."

निला प्रदर्शनाला गेली नाही. प्रदर्शनाचं पहिलं बक्षीस एका लोकरीच्या पोपटाला मिळालं.

पाव बंद करायला ड्रायव्हरला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. आठेक दिवसांनी ते आठवलं म्हणून मी दुपारच्या मोटारीला स्टँडवर गेले. मोटारीतून एक पन्नाशीच्या बाई उतरल्या. पांढरं कपाळ, गळ्यात लिंग, ताठ चाल, आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाव. मोटारीत गर्दी होती, म्हणून ड्रायव्हरनं तो बार्शीलाच त्यांच्या मांडीवर ठेवला होता.

"मावशी, तेवढा हॉटेलात द्या," ड्रायव्हर वरून ओरडला.

"कुणाचा म्हनायचा ह्यो?" त्यांनी हॉटेलवाल्याला विचारलं.

"अप्पांच्या निलाचा."

बाईंनी पाव दिला नाही. "म्या तितंच चाललेय. ढोकीच्या पोराची आत्या म्या. घर कुठं आलं?"

म्हणजे या चन्नव्वा, दाखला मिळाल्यावर पोरगी स्वतः बघायला आलेल्या. भावाच्या घरात त्यांचाच शब्द चालायचा, हे मला निलाकडून ठाऊक होतं. वाटेत गाठून मी सगळं सांगायला हवं होतं. माझा धीर झाला नाही. दहा पावलं मागं राहून मी चालत गेले आणि गौराक्कांनी मनाई केलेल्या त्या उंबऱ्यातून आत शिरले.

चन्नव्वांनी ओळख सांगून पाव ओट्यावर ठेवला. "घ्या. तुमच्या लेकीचं औषध."

निला आतून आली, पाहुणीच्या पाया पडली, ओट्यावरचा पाव उचलला.

"औषध न्हाय आत्या. बसा. करून दावते."

"निले!" गौराक्का म्हणाल्या.

"करू दे तिला," चन्नव्वा म्हणाल्या आणि चुलीसमोर भिंतीला टेकून बसल्या.

शेजारची म्हैस आदल्या दिवशी व्याली होती, चीक घरात होता. निलानं वाळू तापत घातली. पावाच्या कडा काढल्या, तुकडे केले. दालचिनी परतली, खलबत्त्यात कुटली. चन्नव्वांची नजर पातेल्यावर नव्हती, निलाच्या छातीवर होती. श्वास मोजत असाव्यात.

"रातचा घाम येतो का?"

"न्हाय."

"सांजच्याला अंग गरम?"

"न्हाय."

"खोकताना कुशीत दुखतं का? खरं सांग. म्या कुणाला सांगनार न्हाय."

"न्हाय, आत्या. दुखत न्हाय."

हेच प्रश्न आमच्या आरोग्याच्या वहीत होते. पण चन्नव्वा ते वहीतून विचारत नव्हत्या. या बाईनं हे दुखणं जवळून पाहिलंय, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

झाकणावर निखारे पडले. तास गेला. गौराक्का दाराला धरून उभ्या होत्या. मी कोपऱ्यात बसले होते, मला कुणी हाकलत नव्हतं एवढंच. दालचिनीचा वास आधी हळू आला, मग सगळ्या घरात भरला. चन्नव्वांनी एकदा मान वर केली आणि परत खाली घातली.

निलानं पातेलं उतरवलं. दोन वाट्या भरल्या, एक त्यांच्यापुढं ठेवली आणि दुसरी घेऊन समोर मांडी घालून बसली. आधी स्वतः घास घेतला. चन्नव्वांनी वाटी हातात घेतली आणि कितीतरी वेळ नुसती धरून ठेवली.

"माझी सावी," त्या म्हणाल्या. "तुझ्याच वयाची व्हती. आठ म्हयने अंथरुनावर. सोलापूरच्या डाक्टरानं दूध-पाव सांगितला. म्या निस्ता दुधात बुडवायची अन् चारायची. मला दुसरं काय ठावं? शेवटी शेवटी पाव बघितला की भिंतीकडं तोंड करायची. म्या लई चिडायची तिच्यावर. एक डाव हात उगारला. मोटारीत ह्यो पाव मांडीवर पडला अन् वाटलं, फेकून द्यावा खिडकीतनं."

त्यांनी वाटीकडे बघूनच विचारलं, "असं करून दिलं असतं, तर खाल्लं असतं का गं तिनं?"

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. सावीच्या वेळी या रोगावर औषधच नव्हतं, आहारानं फरक पडला नसता, तुमचा काही दोष नाही. सगळं खरं होतं. मी तोंड उघडलंही होतं.

"खाल्लं असतं, आत्या," निला म्हणाली. "वाटी पुसून खाल्लं असतं."

चन्नव्वांनी पहिला घास घेतला. मग दुसरा. सावकाश, एकेक मनुका चावत त्यांनी सगळं संपवलं, बोटानं वाटीची कड पुसली. डोळे त्यांनी पुसले नाहीत. दाराशी उभ्या असलेल्या गौराक्कांकडे मान न वळवताच त्या म्हणाल्या, "माघातली तिथ काढून घ्या."

आणि रिकामी वाटी निलापुढं केली.

"वाईच आजून घाल. सावीच्या वाटनीचं."